खांबापासून दहा पावलं

माझी अख्खी नोकरी माणसं बसपासून किती लांब राहतात हे मोजण्यात गेली. चेन्नईच्या कुठल्याही भागाचा नकाशा समोर टाका, तिथल्या बाईला बस गाठायला किती चालावं लागेल ते मी सांगू शकते, आणि सांगतेही, कोणी विचारलं नाही तरी. ऑफिसात सगळे माझ्या या सवयीला वैतागलेले असतात. नवीन मुलं-मुली संगणकावर रंगीत नकाशे करून आणतात. हिरवा म्हणजे सोय आहे, लाल म्हणजे नाही. मी चष्मा पुसते आणि विचारते, "या हिरव्यात राहतं कोण? त्यातलं बाहेर पडतं कोण?" मग ती एकमेकांकडे बघतात. बाईंचं सुरू झालं, असा त्या बघण्याचा अर्थ असतो.

या कामात कशा आलात असं कोणी विचारलं की मी गणिताची आवड वगैरे सांगते. ते खोटं नाही. पण खरं कारण तंजावरातल्या एका वळणाआडच्या ओट्यावर आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी अक्षरं मी पुढे हिंदीच्या परीक्षांमुळे शिकले. घरात चिठ्ठी लिहायची तर मराठी बोल तमिळ अक्षरांत. आमच्या गल्लीच्या तोंडावरून टाउन बस जायची. मोठा रस्ता सोडून ती मुद्दाम आत वळायची, राजवाड्याला अर्धा वळसा घालायची आणि परत मोठ्या रस्त्याला लागायची. स्टॉपचा खांब चहाच्या दुकानासमोर होता. तिथे पुरुष उभे राहायचे, पेपर वाचत, राजकारण करत. आमच्या बायका तिथे उभ्या राहत नसत. खांबाच्या अलीकडे, वळणाआड, एका घराचा लांब ओटा होता. तिकडे त्याला तिण्णै म्हणतात. बायका तिथे बसायच्या. ड्रायव्हर आधी ओट्यासमोर गाडी थांबवायचा, बायका चढायच्या, मग तीच गाडी वळण घेऊन खांबाशी जायची आणि पुरुषांना घ्यायची. हे कधी ठरलं आणि कोणी ठरवलं, कोणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हर बदलला की कंडक्टर नव्याला सांगायचा, एवढंच.

यात पडदा-बिडदा काही नव्हता. त्याच बायका बाजारात वांग्यांवरून दुकानदाराला रडकुंडीला आणायच्या. पण चारचौघांत खांबाला टेकून वाट बघत राहायचं म्हणजे आपल्याला कशाची तरी गरज आहे असं जाहीर करणं. तंजावरचं मराठी राज्य जाऊन इतक्या पिढ्या झाल्या, घरात राहिलेत ते कारकून, मास्तर आणि बँकेतले कॅशियर, तरी आम्हाला मागायला म्हणून जमत नाही. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा. आता जास्त येतो.

माझी आत्या रोज सकाळी आठला त्या ओट्यावर जाऊन बसायची. ती वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर तीन वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली, काही वर्षं स्वयंपाकघरात काढली, आणि एक दिवस जेवण वाढता वाढता म्हणाली की मी शिवणाची परीक्षा देणार. घरात दोन महिने तोंडं फुगलेली होती असं आई सांगायची. आत्याने कोणाशी वाद घातला नाही आणि परीक्षाही सोडली नाही. पुढे ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, गावाबाहेरच्या एका मुलींच्या शाळेत ती शिवणाची टीचर झाली. उंच, काटक बाई. हातात काळी पिशवी, त्यात कात्री, खडू आणि डबा. टेप कित्येकदा गळ्यातच राहायचा. मी चिडवायचे, "डॉक्टरीणबाई निघाल्या." ती म्हणायची, "डॉक्टरीणच की गे. फाटलेलं बरं करतें मी."

घरात ती कोणाची तरी बहीण, कोणाची तरी नणंद होती. सणाला मागे बसायची, फोटोत कडेला उभी राहायची. बसमध्ये मात्र तिसऱ्या ओळीतली खिडकीची जागा तिची होती. कंडक्टर तिला टीचर म्हणायचा. शाळेतल्या मुली पुढच्या स्टॉपवर चढल्या की सगळ्या तिच्याभोवती गोळा व्हायच्या. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते, तर माझी आत्या मोठ्याने हसते हे मला त्या दिवशी कळलं. घरात मी ते कधी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली. गावात केबल टीव्ही आला होता, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची फोनची बूथं झाली होती, आणि ज्यांना जमेल ते पुरुष मोटरसायकल घेत होते. सगळीकडे एकच भाषा सुरू झाली होती, जे चालत नाही ते बंद करा. बसच्या फेऱ्याही नव्याने आखायच्या ठरल्या. त्यासाठी चेन्नईहून एक सल्लागार मंडळी आली आणि त्यांना मोजणीला स्थानिक पदवीधर हवे होते. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. तीन महिन्यांचं काम, हातात पुठ्ठ्याचा पॅड, त्याला साखळीने बांधलेलं पेन. मला वाटलं, आता मीच सरकार.

आमचे सुपरवायझर सभ्य गृहस्थ होते, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी नियम समजावले. प्रत्येक स्टॉपवर तीन दिवस मोजणी. खांबापासून दहा पावलांच्या आत जे चढतील-उतरतील ते मोजायचे, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. दहा पावलांच्या बाहेर कोणी गाडी थांबवून चढलं तर ते धरायचं नाही, कारण मग प्रत्येक जण आपापल्या दारासमोरचा माणूस मोजेल. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. काही विशेष आढळल्यास लिहावे. नेमणुकांचा कागद लागला आणि माझ्या वाट्याला आमचाच स्टॉप आला.

संध्याकाळी जेवताना मी ते घरात सांगितलं. आत्या सुंदल, म्हणजे तिकडची हरभऱ्याची उसळ, वाढत होती.

"मग मज पण लिहिशील की काय गे?" तिने विचारलं.

"अपली माणसं अपण लिहायची नसतात," मी म्हणाले. काय तो माझा आव! शिवाय नियमच तसा होता, ओटा खांबापासून तीसेक पावलं लांब. तोही मी सगळ्यांना समजावून सांगितला.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान डोलावली. ते तालुका कचेरीत कारकून होते, आणि नात्यातल्या कोणाचा कागद टेबलावर आला की खुर्चीवरून उठून तो दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. त्यापायी आमच्या एका काकांचं काम चार वर्षं अडकून पडलं होतं, पण घराला त्याचा अभिमानच. "बराबर सांगिटलं पोरीनं," अप्पा म्हणाले. आत्याने माझ्या पानात आणखी एक डाव सुंदल घातलं. ती काहीतरी विचार करत होती, पण मी स्वतःवरच इतकी खूश होते की तिच्याकडे बघितलंच नाही.

तीन दिवस मी सकाळी सहाला घर सोडलं आणि खांबाशी जाऊन उभी राहिले. आठ वाजून दहाची बस यायची वेळ झाली की मी वळणाकडे पाठ करायचे. बस आली की तिच्या खिडक्यांकडे बघायचे नाही. तिसऱ्या ओळीत आत्या बसलेली असणार, तिची माझी नजरानजर झाली तर हसू येईल आणि आकडा चुकेल, म्हणून डोळे पॅडवर. खांबाशी कोण चढलं तेवढं डोळ्यांत तेल घालून मोजलं. पुरुष भरपूर, बायका एखाददुसरी. संध्याकाळच्या परतीच्या बसलाही तेच.

शेऱ्याच्या रकान्यापाशी मात्र मी तिन्ही दिवस अडखळले. लिहायला एक ओळ पुरली असती: या स्टॉपवरच्या बायका खांबाशी उभ्या राहत नाहीत, वळणाआड बसतात, त्यांना बस लागते. पण लिहिणारी मी, आणि त्या बायकांत माझी आत्या. सुपरवायझर काय म्हणतील? पहिलीच नोकरी आणि घरच्यांची वकिली करते. मी तिन्ही दिवस रकान्यात आडवी रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आत्या उजव्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती. गुडघा सुजलेला दिसत होता. "काय झालं?" मी विचारलं. "शाळेंत मशीन हलवली," ती म्हणाली. मी पॅड खुंटीला टांगला आणि कॉफी करायला गेले.

मोजणी संपल्यावर मला नकाशाच्या कामाला बसवलं, कारण माझा हात स्थिर होता. गावाचा मोठा नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, आणि कंपास. प्रत्येक स्टॉपवर टोक ठेवून अर्धा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. वर्तुळात पडला त्याला सोय आहे, बाहेर राहिला त्याला नाही. दोन वर्तुळं एकमेकांवर जास्त चढली तर दोन्हींतला कमी माणसांचा स्टॉप काढायचा. मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपचं वर्तुळ मी काढलं तर आमची गल्ली, आमचं घर, तो ओटा, सगळं त्यात अलगद आलं. कागदावर आम्ही अगदी सुखात होतो. फक्त मध्ये जुन्या किल्ल्याचा खंदक होता. कंपासला खंदक लागत नाही. चालणाऱ्या माणसाला त्याला वळसा घालून जावं लागतं आणि अंतर दुपटीहून जास्त होतं. ते मला माहीत होतं. लहानपणापासून मी त्या खंदकाच्या कडेने चालले होते. तरी पेन्सिल तोंडात धरून मी पुढच्या स्टॉपकडे वळले. मला वाटलं, एवढे मोठे लोक आहेत, त्यांना दिसेलच.

चार महिन्यांनी बस आमच्याकडे वळायची बंद झाली. कागद चहाच्या दुकानावर चिकटवला होता, खांबाशी. ओट्यावरच्या बायकांपर्यंत तो पोचला नाही. त्या सोमवारी सगळ्या नेहमीप्रमाणे आठला येऊन बसल्या आणि साडेनऊपर्यंत बसून राहिल्या. शेवटी चहावाल्याने कोणाकरवी तरी निरोप पाठवला. आत्या घरी आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली. "बस नाही येत आतां," एवढंच म्हणाली. नोकरी लागल्यापासून तिने त्या दिवशी पहिल्यांदा शाळा चुकवली.

मी तडक सुपरवायझरांकडे गेले. त्यांचं ऑफिस अजून आवरायचं होतं. मी घशाला कोरड पडेपर्यंत बोलले, ओटा, वळण, खंदक, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून तक्ते काढले.

"हे अक्षर तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

माझंच होतं. बायका: एक, दोन, एक. शेरा: आडवी रेघ.

"आणि हा बघा मोठ्या रस्त्यावरचा," ते म्हणाले. खंदकापलीकडच्या त्या स्टॉपचे तक्ते दुसऱ्या कोणी भरले होते. सकाळच्या त्याच बसला तिथे बायका भरपूर चढल्या होत्या, तिन्ही दिवस. "तुमच्या भागातल्या बायका त्या स्टॉपवर जातात असं दिसतं. मग अडचण कुठे आहे?"

मला वाटलं त्या मंडईतल्या फुलवाल्या असतील, किंवा त्या मोजणाऱ्याने अंदाजपंचे आकडे ठोकले असतील. तसं म्हणायची सोय नव्हती. मी माझंच अक्षर असलेले तक्ते त्यांच्याकडे परत सरकवले आणि बाहेर पडले.

अर्ज करू या म्हणून मी गल्लीत फिरले. एकीनेही सही दिली नाही. अप्पा म्हणाले, "मागून घेतलेली बस कशाला होणा अपणाला?" त्या दिवशी मी अप्पांशी भांडले, आयुष्यात पहिल्यांदाच. आत्या मधे पडली आणि मलाच गप्प केलं.

ती खंदकाला वळसा घालून जायला लागली. जाताना अर्धा तास, येताना त्याहून जास्त, कारण येताना गुडघा ऐकत नसे. वाटेत एका पुलाच्या कठड्यावर बसायची. ज्या बाईने चारचौघांत खांबाशी उभं राहायचं आयुष्यभर टाळलं, ती भर रस्त्यावर कठड्यावर बसून गुडघा दाबायची आणि येणारेजाणारे बघायचे. तिला त्याची किती लाज वाटत असेल ते मला कळत होतं. रिक्षा कर म्हटलं तर म्हणायची, "रोजची रिक्षा ती आजाऱ्यांला." दीड वर्ष तिने असं काढलं. मग एका पावसाळ्यात पडली, आणि निवृत्तीला सहा वर्षं असताना तिने नोकरी सोडली. शाळेतल्या मुलींनी हाताने शिवलेला एक ब्लाउज तिला दिला. तो तिने कधी घातला नाही.

त्यानंतर ती घरातच राहिली. मशीन खिडकीशी ओढून घेतली, गल्लीतल्या बायकांचे फॉल-पिको करून द्यायची. मला चेन्नईला नोकरी लागली, याच कामाची. मी सुट्टीला गेले की ती विचारायची, "आतां किती स्टॉप मोजलेस?" मी आकडा सांगायचे. तिला खरंच कौतुक वाटायचं, आणि ते मला सहन व्हायचं नाही. एकदा मी धीर करून म्हणाले, "अत्या, त्या वेळेला मी एक ओळ लिहायची होती." ती सुईत दोरा ओवत होती. "तूं नेमानं केलंस," म्हणाली. "नेमानं केलेलं बोलून दाखवूं नये." मला वाटलं तिने मला माफ केलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. तिने मात्र दोरा ओवला आणि पुन्हा मशीन सुरू केली.

ती गेली तेव्हा मी गावात नव्हते. दिवसांना पोचले. तेराव्याला जेवणं झाल्यावर गल्लीतल्या बायका पडवीत बसल्या होत्या. त्यांत त्या ओट्याची मालकीण होती, सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. वय झालेलं, कानाला कमी ऐकू यायचं, पण आठवण पक्की. कोणीतरी आत्याच्या गुडघ्याचा विषय काढला.

"गुडघा तो तवांच गेला तिचा," अक्का म्हणाली. "ही मोजायला उभारली होती न, ते तीन दिवस."

मला काही कळलं नाही. मी विचारलं, "मी उभी होते त्याचा गुडघ्याशी काय संबंध?"

"तुज सांगिटलं नाही तिनं?" अक्का माझ्याकडे वळली. "आदल्या दिवशी संध्याकाळीं घरोघर जाऊन आली की ती. म्हणाली, अमची लेक मोजते, पहिली नोकरी तिची. अपण ओट्यांतून चढलों तर, ती मोजो न मोजो, लोक म्हणतील, अपल्या घरच्या बायका मोजल्या. पोरीला बट्टा नको. तीन दिवस तेवढं मोठ्या रस्त्याला जाऊन चढूं या. मग काय, अमी सगळ्या गेलों. सकाळीं तूं खांबाशीं गेलीस की मागच्या वाटेनं निघायचं. ती सगळ्यांत पुढें, लंगडत. अमी म्हटलं, तूं तरी रिक्षांत ये. नाही आली."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना ती एक जुनी गंमत आठवत होती. एक जण म्हणाली, परतताना खंदकाच्या कडेला बसून आत्याने सगळ्यांना पेरू कापून दिले होते, शिवणाच्या कात्रीने.

मंडईतल्या फुलवाल्या नव्हत्या त्या. दुसऱ्या मोजणाऱ्याने आकडे ठोकले नव्हते. पलीकडच्या स्टॉपवर तीन दिवस चढलेल्या बायका आमच्या गल्लीतल्या होत्या, आणि त्या पलीकडे जातात हे कागदावर नोंदलं गेलं, कारण त्या माझ्या नावासाठी पलीकडे गेल्या होत्या. माझा तक्ता बरोबर होता. सगळेच तक्ते बरोबर होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं की आत्या वळणाआड बसली होती आणि मी तिला मोजलं नाही. त्या संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. ओट्यावर आता मोटरसायकली लावतात. मी खांबाच्या जागेपासून ओट्यापर्यंत पावलं मोजली. एकतीस भरली. तीन दिवस मी मान वळवली नव्हती, आणि वळवली असती तर ओटा रिकामा दिसला असता, आणि घरी जाऊन मी तिला विचारलं असतं की तुम्ही सगळ्या गेलात कुठे.